सुगंधाची अडवाअडवी

आमची सून सासूवर हात उगारते, असा सरावलीच्या आमच्या चाळीत एकदा बोभाटा झाला होता. शेजारच्या मारुतीच्या बायकोनं खिडकीतून बघितलं म्हणे. मी भाताचं पातेलं घेऊन उभी आणि माझ्यासमोर सुगंधा चवड्यांवर, दोन्ही हात डोक्याच्या वर. ती शेजारीण तशीच पळत सुटली ती थेट फॅक्टरीच्या गेटावर, आणि माझ्या लेकाला घेऊन आली. खंडेराव आला तो हाताचं ग्रीसपण न पुसता. बघतोय तर मी सुनेला शिव्या घालतेय आणि सून हसतेय.

"अरे हिला सांग बाबा काहीतरी," म्हणलं. "मघापासनं मला पातेलं खाली ठेवू देईना. म्हणते, तुमच्या हातात बॉल आहे असं समजा!"

तर ही आमची सुगंधा. बोईसरच्या बाजूच्या एका शाळेत पीटीची बाई होती. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालातली गोष्ट सांगतेय मी. तिला एका जागी बसवणं म्हणजे शिक्षा. भाजी निवडताना उकिडवी बसायची आणि एक टाच सारखी हलत असायची. जेवताना दोनदा उठायची, काही लागत नसलं तरी. रविवारी कपडे वाळत घालून झाले, की चाळीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत फेऱ्या. म्हणलं, अगं काय हरवलंय का? तर म्हणते, काही नाही आई, घरात बसलं की भिंती अंगावर येतात. आता लग्नाला बरीच वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. मला नातवंड हवं होतं, खोटं कशाला बोलू? मी काही बोलले की ती उठून अंगणात जायची. तिलाही ते सलत असणार, पण तोंडातून कधी निघालं नाही.

खेळायची मात्र हौस दांडगी. कॉलेजात असताना नेटबॉल खेळायची. एकदा मला म्हणाली, "आई, ज्या दिवशी तुम्ही मला बघायला आलात ना, त्या दिवशी माझी विभागाची मॅच होती. मी पोहे केले, मॅच दुसऱ्यांनी खेळली." हसत म्हणाली, पण मला ते लागलं. मला काय ठाऊक हो? आम्ही माण तालुक्यातली माणसं. आम्हाला पोहे कळतात.

हा नेटबॉल म्हणजे काय ते मला तिनंच समजावलं. दोन्ही टोकांना खांब, खांबावर लोखंडी कडी, मागं फळी नाही. बॉल घेऊन पळायचं नाही, जमिनीवर आपटत न्यायचा नाही, नुसता एकमेकींकडं फेकायचा. आणि अडवणारीनं बॉलवालीपासून तीन फूट लांब उभं राहून हात वर करायचे. अंगाला अंग लागलं, की पंच शिट्टी मारणार.

"मग अडवायचं कसं?" मी विचारलं. "धरल्याशिवाय कोण थांबतंय?"

"धरलंत की शिट्टी," ती म्हणाली.

शाळेला खांब नव्हते, कडी नव्हती. मुख्याध्यापक नरहरी सर भला माणूस, पण त्यांच्या हातात खडूशिवाय काही नाही. खंडेरावनं ओळखीच्या वेल्डरकडनं भंगारातल्या पाइपाचे खांब करून घेतले, वर कड्या जोडल्या. सुगंधानं शाळेमागच्या मैदानात चुन्यानं रेघा मारल्या आणि पावसाळ्यात, चिखलात, पोरींना उतरवलं.

आता या आमच्या बाजूच्या पोरी. निम्म्या एमआयडीसीतल्या कामगारांच्या, कोण खानदेशातली, कोण नगरची. निम्म्या डोंगराकडच्या पाड्यांवरच्या. सगळ्या कबड्डीवर वाढलेल्या. समोरून पोरगी आली की कंबरेला मिठी! सुगंधा बोंबलायची, "धरू नका गं, बायांनो!" आणि त्या अजून घट्ट धरायच्या. सगळा आषाढ नुसत्या शिट्ट्या. आमच्या घरापर्यंत ऐकू यायच्या. मी स्वयंपाक करता करता म्हणायची, झाली, अजून एक पडली.

मग तिनं एक एक सराव लावला. एकाला सावली म्हणायची. दोघींची जोडी, एकीनं वाट्टेल तिकडं पळायचं, वळायचं, थबकायचं, दुसरीनं तिच्या बरोबरीनं राहायचं, पण हात लावायचा नाही. दुसरा सराव असा, की समोरचीच्या हातात बॉल पडला रे पडला, की अडवणारीनं मागं उडी मारून तीन फूट सोडायचे आणि मगच हात वर. उडी चुकली की पुन्हा. तिसऱ्यात दोघी एकमेकींना बॉल टाकणार आणि मधली तो हवेतच पळवणार. त्यात मधलीनं कुणाला पाठ करायची नाही, तिरकं उभं राहायचं, म्हणजे बॉलपण दिसतो आणि आपली पोरगीपण. हे सगळं आधी माझ्यावर करून बघायची. मी चुलीकडनं मोरीकडं, मोरीकडनं चुलीकडं, आणि ही माझ्या बरोबरीनं, न शिवता. मी वैतागायची. पण खरं सांगते, माझ्या अंगात जेवढी चपळाई तरुणपणीपण नव्हती तेवढी त्या दिवसांत आली.

गोलकीपर म्हणून, म्हणजे कडी राखायला, तिला एक पोरगी गावली. सोमी. पाड्यावरची वारली पोर, उंच, काटक, आणि पाय असे की कुठं उचलले आणि कुठं ठेवले कळायचं नाही. सावलीच्या सरावात तिच्यापासनं कुणी सुटायचं नाही. पण हात! उजवा हात ताडासारखा सरळ वर जायचा आणि डावा कोपरात मुडपून पोटाशीच. अंग डावीकडं कललेलं, कंबर बाहेर काढलेली. समोरचीला कळलं, की डावीकडनं बॉल टाकायचा, झालं. सुगंधा रोज घसा फोडायची, "डावा हात! सोमी, डावा हात!" ती वर करायची आणि दोन उड्यांनंतर पुन्हा तो खाली. सुगंधाला वाटलं खांद्यात काही दोष असेल. तेल लावून चोळूनपण झालं. दोष कसला नि काय.

एकदा तिला घरी घेऊन आली, आमच्या अंगणात सराव करायला. सोमीबरोबर तिची धाकटी बहीण बुधी होती, जेमतेम चालायला लागलेली. आईबाप शेतावर, म्हणून ही तिला शाळेतपण घेऊनच यायची. वर्गात मांडीवर, मैदानात झाडाखाली. तर मी बॉल घेऊन उभी, सोमी मला अडवतेय, डावा हात खाली. तेवढ्यात बुधी दुडूदुडू गटाराकडं निघाली. सोमीनं झटकन वाकून तिला उचलली, कडेवर टाकली आणि पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली. अंग कललेलं, कंबर बाहेर, डावा हात पोराच्या बुडाखाली. आधी उभी होती अगदी तश्शीच.

सुगंधानं कपाळावर हात मारून घेतला. "आई, बघा हो! ही रिकामीच उभी नसते कधी!"

पोर कडेवर नसली तरी हिच्या अंगाला ती असायचीच. किती वर्षं? बुधीच्या आधी एक भाऊ होता, त्यालाही हिनंच वागवलेला. तो गेला पावसाळ्यातल्या तापात. पाड्यावरच्या थोरल्या पोरींचं असंच असतं. त्या स्वतः शेंबूड पुसायला शिकतात तोवर कडेवर दुसरं येतं.

त्या दिवसापासनं सरावाच्या वेळी बुधी माझ्याकडं. मी कुरकुर केली. म्हणलं, मला काय पाळणाघर काढायचंय? पण संध्याकाळचा तो तासभरच. सुगंधा सोमीच्या डाव्या हातात एक जाडजूड लाकडी फळी द्यायची आणि डोक्यावर धरायला लावायची. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण ती हात खाली घ्यायची नाही. पंधरवड्यानंतर पोरगी सरळ उभी राहिली. आणि सरळ उभी राहिल्यावर तिच्या वरून बॉल टाकायचा म्हणजे काय ते समोरच्यांना कळलं.

दिवाळीच्या आधी तालुक्याच्या मॅच जिंकल्या. तिथं ठाण्याच्या एका शाळेच्या मोठ्या बाई पंच म्हणून आल्या होत्या. त्यांनी सुगंधाला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ही मुलगी विभागाच्या मॅचपर्यंत खेळली, तर आमच्या वसतिगृहात ठेवून घेते, मॅट्रिक होईस्तोवर. खाणं, कपडे, शाळा सगळं आमचं. सुगंधा घरी आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघरात. "आई, ऐकलंत का? मॅट्रिकपर्यंत!" मला तर तिची भीती वाटली, इतके डोळे मोठे झाले होते.

पण दिवाळी झाली, भात झोडून झालं, की पाडा रिकामा होतो. माणसं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या आधी परततात. पोरांची शाळा तिथंच बुडते. त्यात सोमी आता वयात आलेली. भट्टीवरून परत आली की लग्न, हे न सांगता कळत होतं. म्हणजे विभागाची मॅच होईस्तोवर ती इथं राहिली पाहिजे, नाहीतर सगळंच संपलं. सुगंधा मला घेऊन पाड्यावर गेली. मला कशाला, तर म्हणे वडीलधारं माणूस बरोबर असलेलं बरं.

सोमीचा बाप जिव्या खळ्यावर पेंढा रचत होता. आई पारू बाजूला सूप घेऊन बसलेली. सुगंधानं सगळं सांगितलं, हात हलवत, उठत-बसत. जिव्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरीला शिकवता, आमी नाय बोलत नाय, बाई," तो म्हणाला. "पन बुधीला कोन घेल? आमी दोघा दिसभर मातीत. भट्टीवर खड्डं हायत, इस्तू हाय. सोमी नाय तर बुधीवर नजर कोनाची?"

त्याचं म्हणणं खरं होतं. सुगंधानं माझ्याकडं बघितलं. मी डोंगराकडं बघितलं. डोंगरात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिले.

"आई ठेवून घेतील बुधीला," ती म्हणाली. "आमच्या घरी. दोघी राहतील."

मी हो म्हणले नव्हते! पण त्या माणसांसमोर नाही कसं म्हणायचं? पारू सुपातनं डोळे वर करून माझ्याकडं बघत होती. नुसती बघत होती. मी मान डोलावली. परतीच्या वाटेवर मात्र मी सुगंधाची अशी काही खरडपट्टी काढली की ती पुढं पुढं चालत राहिली, मागं वळून बघायची तिची छाती झाली नाही.

आली बुधी. पहिले दोन दिवस नुसता भोंगा, फॅक्टरीच्या भोंग्यालापण लाजवेल असा. चाळीत कुजबुज सुरू झाली, आदिवाशांची पोरं घरात घेतली म्हणून. मी नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या घरात घेतलीत का? नाही ना? मग तुमच्या पोटात का दुखतंय?" पुन्हा कुणी ब्र काढला नाही.

मग काय झालं ते सांगायची सोय नाही. पोर माझ्या अंगावर वाढली असं म्हणा. सकाळी उठली की आधी मला हुडकायची. बोंबलाचं कालवण भातात कालवून भरवलं की मान हलवत खायची. "आजी" म्हणायला लागली. मी तिला तेल लावायची, काजळ घालायची, खंडेरावच्या जुन्या शर्टाचं झबलं शिवलं. रात्री माझ्या पोटाशी झोपायची. मला उशिरानं का होईना, देवानं दिलं असं वाटायला लागलं होतं. वाटत होतं ते वाटत होतं, आता कुणापासनं लपवू?

सोमी इकडं मोकळ्या हातानं खेळत होती. जिल्ह्याच्या मॅच पालघरला झाल्या. मी बुधीला घेऊन गेले होते, घामानं निथळत कडेला उभी. समोरच्या शाळेची पोरगी कडीखाली बॉल घेऊन उभी राहिली, की सोमी मागं उडी मारायची, चवड्यांवर यायची आणि दोन्ही हात असे वर, की त्या पोरीला कडी दिसायचीच बंद. एकदापण शिट्टी नाही. सुगंधा रेघेच्या बाहेर नुसती येरझाऱ्या घालत होती. नखं खाऊन संपली, मग पदराचं टोक चावत होती. जिंकल्यावर पोरींनी तिला उचललं तर ती ओरडली, "धरू नका गं!" सगळ्या पडून पडून हसल्या.

आता राहिली विभागाची मॅच, ठाण्याला. सगळं जुळून आलं होतं. आणि संक्रांतीच्या पुढं एक दिवस पारू आली.

बोईसरला विटा उतरवायला भट्टीची ट्रक आली होती, तिच्यात बसून आली पोरींना बघायला. रिकामी ट्रक दुपारी परत जाणार होती. दारात उभी राहिली, अंगावर सगळी लाल धूळ. वेणीतपण धूळ. हातात बुधीसाठी बोरं. "बुधे," म्हणाली आणि हात पुढं केले.

बुधी माझ्या मागं लपली.

पारूनं पुन्हा बोलावलं. पोरीनं माझ्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. मी म्हणलं, "अगं, आई आहे तुझी, जा की." तिला पुढं ढकललं तर तिनं माझी मांडी घट्ट धरली. पारूनं हात खाली घेतले. उंबऱ्यावर बसली. मी चहा केला, तो तिनं तसाच ठेवला. बोरं तिच्या मुठीतच होती.

"माझी पोर मना वलखत नाय," शेवटी ती म्हणाली. रडली नाही, रागावली नाही. "नेतंय मी तिला."

सुगंधा शाळेतनं धावत आली होती, सोमी तिच्या मागं. "अहो पण थोडेच दिवस राहिलेत! मॅच झाली की..."

"नेतंय," पारू म्हणाली.

आणि सोमीनं काय केलं माहीत आहे? आत गेली, आपली पिशवी घेतली, बुधीला माझ्यापासनं सोडवून कडेवर टाकली. बुधी तिच्याकडं मात्र गेली मुकाट. "मीपन जातंय, बाई. भट्टीवर तिच्यावर नजर कोन ठेवील?" असं सुगंधाला म्हणून पायऱ्या उतरली. अंग डावीकडं कललेलं.

सुगंधाचं तर डोकं फिरलं. कधी पारूसमोर, कधी सोमीसमोर, कधी ट्रकसमोर. "थांब गं! तुला कळतंय का काय सोडतेस?" सोमी मान खाली घालून ट्रककडं चालत राहिली. "मॅट्रिक म्हणजे काय चेष्टा आहे?" पारूनं काही चुकीचं मागितलं होतं का? स्वतःची पोर मागितली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "माई, जल्दी करो, टाइम हो गया." सुगंधा ट्रकच्या मागच्या फाळक्याला हात लावून उभी राहिली आणि हमसून हमसून रडायला लागली. लग्नाच्या दिवशीपण ती रडली नव्हती.

मला ते बघवेना. राग आला मला. कुणाचा ते सांगता येणार नाही, पण असा आला की कानशिलं तापली. मी आत गेले, दोन लुगडी, पितळी तांब्या आणि माझ्या बीपीच्या गोळ्या पिशवीत कोंबल्या आणि बाहेर आले.

"उतर," सोमीला म्हणलं. ती एव्हाना फाळक्यावर चढली होती. "उतर म्हणते ना! पोर दे इकडं."

"आजी, तुमी कशाला?"

"मला पोर सांभाळता येतं, बॉल अडवता येत नाही. तुला दोन्ही येतं. मग कुणी कुठं जायचं ते तूच सांग."

सुगंधा डोळे पुसत म्हणाली, "आई, तिथं झोपडीत राहायचं. पाणी लांबनं आणायचं. तुमचे गुडघे..."

"माझे गुडघे माझे आहेत. मी काय राजवाड्यातनं आले? खंडेरावला सांग, आई भट्टीवर गेली. जेवायला दोघांनी मिळून करा."

ट्रकमध्ये बसलेली पारू माझ्याकडं बघत होती, खळ्यावर बघितलं होतं तशीच. मग ती सरकली, तिनं मला जागा केली, मी चढून बसले. सोमीनं बुधीला माझ्या मांडीवर दिलं आणि उतरली. ट्रक निघाली तेव्हा सुगंधा सोमीचा दंड धरून रस्त्यात उभी होती.

भट्टी मनोरच्या पलीकडं, हायवेच्या अंगाला. बाभळीच्या काटक्यांच्या झोपड्या, उघडं माळरान, दिवसभर उन्हात चिखल तुडवणारी माणसं. जिव्यानं मला बघून तोंडात बोट घातलं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या झोपडीवर जास्तीचा पेंढा घालून दिला. मी दिवसभर बुधीला घेऊन बसायची. आजूबाजूची आणखी चार-पाच पोरं माझ्याभोवती जमायची, त्यांच्यापण आया मातीतच. तेवढं ठीक होतं. संध्याकाळ वाईट. पारू काम संपवून यायची, हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, आणि बुधी तिला बघून माझ्या कुशीत शिरायची. पारू हसून "असू दे" म्हणायची आणि हात धुवायला जायची. मी रोज बघत होते हे. दिवसभर जिनं विटा थापल्या ती हात धुवून परत येते आणि तिची पोर दुसरीच्या मांडीवर. माझ्या छातीत काटा मोडल्यासारखं व्हायचं. आणि खरं बोलायचं तर त्यातच थोडं गोडपण वाटायचं. त्याची मला चीड यायची.

मग मी ठरवलं. संध्याकाळी पारू येताना दिसली, की बुधीला झोपडीत ठेवायची आणि आपण उठून कच्च्या विटांच्या थप्पीमागं जाऊन बसायचं. बुधीनं पहिल्या दिवशी आकाशपाताळ एक केलं. "आजी! आजी!" मी कानांत बोटं घातली. पारू काय करत होती दिसत नव्हतं, नुसतं रडणं ऐकू येत होतं. बराच वेळ चाललं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, उठावं आणि जाऊन घ्यावं, मरू दे सगळं. नाही उठले. थप्पीची एक वीट हातात घेतली, ती ओलीच होती, माझ्या बोटांचे ठसे उमटले तिच्यावर.

मॅचच्या दिवशी मला दिवसभर चैन नव्हतं. हायवेवरनं एसटी गेली की मी मान वर करायची. सोमी खेळली असेल का? डावा हात वर राहिला असेल का? सुगंधानं पदर किती चावला असेल? संध्याकाळ झाली, पारू येताना दिसली, मी ठरल्याप्रमाणं थप्पीमागं जाऊन बसले आणि रडणं कधी सुरू होतंय त्याची वाट बघू लागले.

रडणं आलं नाही.

मी थोडी वाट बघितली. मग थप्पीच्या कडेनं डोकावले. पारू झोपडीसमोर बसली होती, हात अजून धुतले नव्हते, पोरीला माती लागू नये म्हणून दोन्ही बाजूला लांब धरलेले. आणि बुधी आपणहून तिच्या मांडीत चढून बसली होती, तिच्या गळ्यातल्या पोतीचे मणी ओढत होती. "आय," म्हणाली. पारूनं माझ्याकडं बघितलं नाही. ती त्या पोरीशिवाय कशाकडंच बघत नव्हती.

तेवढ्यात हायवेवरनं हाका. सुगंधा पळत येत होती, वेणी सुटलेली, चप्पल एका हातात, तिच्या पुढं सोमी. "आई! अहो आई! जिंकलो! ठेवून घेतली सोमीला! मॅट्रिकपर्यंत!" सोमी थेट आईबापाकडं धावली. सुगंधा मला हुडकत थप्पीमागं आली आणि बघते तर मी तोंडात पदर कोंबून रडतेय.

"अहो, जिंकलो म्हणतेय मी! रडताय काय?"

"बुधी आज रडली नाही गं," म्हणलं.